बोर्ड हागणदारीमुक्तीचा आणि सासरे ओढ्याला

पत्र: मावशी, नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावातली सून. बचत गटात होते, यंदा राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले. वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' म्हणून मोठा बोर्ड आहे, जवळपास प्रत्येक घरी संडास पण आहे, तरी पहाटे निम्मे पुरुष टमरेल घेऊन ओढ्याला जातात. आमच्याच घरात सासरे आणि दीर बाहेर जातात, संडास फक्त आम्ही बायका आणि पाहुणे वापरतो. सासूबाई म्हणतात सगळेच जायला लागले तर खड्डा भरेल, मग उपसायचा कोणी. गेल्या पावसाळ्यात खालच्या वस्तीवर गॅस्ट्रो झाला, दोन लेकरं सलाईनवर होती. मीटिंगला विषय काढला तर ग्रामसेवक म्हणाले रेकॉर्डला सगळं झालंय, आणि मागून एक जण बोलला, "आता सून आम्हाला हागायला शिकवणार काय?" सगळे हसले. परत गुड मॉर्निंग पथक सुरू करा असा ठराव मांडू का, की गप्प बसू? – एक सदस्या

उत्तर:

अगं, गप्प बसायचं असतं तर तू चार पानी पत्र लिहिलंच नसतंस (वर थोडक्यात दिलंय, रागावू नकोस). आणि त्या मागून बोलणाऱ्याचं मनावर घेऊ नको, असा एक जण प्रत्येक गावात असतो आणि बहुतेक वेळा त्याच्याच संडासात सरपण रचलेलं असतं, एकदा जाऊन बघच.

पथकाचं आधी बोलते, कारण तो ठराव पाच मिनिटांत मंजूर होईल आणि नंतर निस्तरत तू बसशील. नको मांडूस. माझी सगळी नोकरी आरोग्यसेविका म्हणून गेली, पहाटे टॉर्च घेऊन पथकाबरोबर फिरायची ड्यूटी मलाही लागायची, शिट्ट्या वाजवायच्या, गुलाबाचं फूल द्यायचं, टमरेल जप्त करायचं, नाहीच ऐकलं तर पोलीस कायद्याखाली दंड. आणि सापडायचं कोण? ज्याचा दहा एकर ऊस आहे तो स्वतःच्या उसात जातो, त्याला कोण अडवणार. सापडायच्या त्या रस्त्याकडेला बसलेल्या म्हाताऱ्या, पालावरची माणसं, ज्यांच्याकडे संडास बांधायला हातभर जागा नाही ती. पथक आलं की लोक अजून लांब जातात, पथक बंद झालं की परत जागेवर. आणि लाज काढायचं काम एकदा गावावर सोपवलं की ती कोणाची काढायची हे गावात ज्याचा जोर तो ठरवतो. 2019 च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात दोन दलित लेकरं रस्त्याकडेला शौचाला बसली म्हणून त्यांना काठ्यांनी मारून टाकलं होतं, देश हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा व्हायला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. असं काही आपल्या ठरावातून सुरू व्हायला नको.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू सासूबाईंच्या नावावर टाकून पुढे निघून गेलीस. 'भरला तर उपसायचा कोणी.' बाई, सगळं तिथेच अडलंय. आम्ही वर्षानुवर्षं लोकांना रोगराई सांगितली, लेकी-सुनांची अब्रू सांगितली, भिंती रंगवल्या, कलापथकं नाचवली, आणि लोक मान डोलवायचे आणि परत ओढ्याला जायचे, कारण त्यांच्या डोक्यातला प्रश्नच वेगळा होता आणि तो कोणी विचारलाच नाही. खड्डा भरणार म्हणजे कोणीतरी त्यात हात घालणार. पूर्वी हे काम एका जातीच्या माथी मारलेलं होतं, डोक्यावर टोपली देऊन. आता ती माणसं करत नाहीत आणि का करावं त्यांनी, 2013 च्या कायद्याने तर ते करून घेणं गुन्हाच आहे. मग घरातला माणूस म्हणतो आपण तर हात लावणार नाही, म्हणून एक तर संडास रेशनिंगवर वापरायचा, तुमच्याकडे चाललाय तसा, बायका आणि पाहुण्यांपुरता, नाही तर दहा बाय दहाची विहीर खणायची म्हणजे आपल्या हयातीत भरायलाच नको. दोन्हीत भीती एकच आहे. सासूबाई अडाणी नाहीत गं, त्या हिशोबी आहेत, फक्त त्यांच्या हिशोबात एक आकडा चुकीचा आहे.

तो आकडा सांगते. सरकारी अनुदानातून जो संडास व्हायला पाहिजे तो दोन शोषखड्ड्यांचा. तीनेक फूट रुंद, तीन-चार फूट खोल, भिंतीला भोकं ठेवलेली (जाळीची वीट किंवा भोकाच्या रिंगा), तळ कच्चा, मातीचा. लोकांना वाटतं एवढासा खड्डा सहा महिन्यांत भरेल. पण जे आत जातं त्यात बहुतेक पाणी असतं, ते भोकांतून जमिनीत मुरतं, गॅसही मातीतच जिरतो, मागे राहतो तो गाळ माणशी वर्षाला चाळीस-पन्नास लिटर, म्हणजे दोन-तीन हंडे. बस्स. पाच माणसांच्या घरात एक खड्डा निदान तीन वर्षं चालतो, जमीन पाणी पिणारी असेल तर पाच-सहाही. तो भरला की चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं, आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं विसरून जायचं. मधल्या काळात त्यातले जंतू मरतात, जंतांची अंडी सगळ्यात चिवट असतात म्हणून एवढं थांबायचं. नंतर झाकण काढलं की आत मैला नसतोच, खत असतं.

पण हे झालं कागदावरचं. तुमच्या गावात काय बांधलंय ते आधी बघ, आणि इथे ग्रामसेवकाच्या रेकॉर्डचा काही उपयोग नाही, चेंबरचं झाकण उचलावं लागतं. भांड्यापासून निघालेला पाईप ज्या छोट्या चौकोनी चेंबरमध्ये येतो तिथून दोन खड्ड्यांकडे दोन तोंडं जातात, त्यातलं एक विटेने आणि चिखलाने बंद पाहिजे. मी जिथे जिथे झाकणं उचलायला लावली तिथे किती तरी घरांत दोन्ही तोंडं सताड उघडी, म्हणजे दोन्ही खड्डे बरोबरच भरणार, मग दोन खड्डे असून उपयोग शून्य. कुठे खड्डे एकमेकांना चिकटून बांधलेले, मध्ये मीटरभर अंतर पाहिजे नाही तर एकाचं पाणी दुसऱ्यात. कुठे गवंड्याने 'पक्कं काम' म्हणून आतून गिलावा मारलेला आणि तळाला काँक्रीट, झाला मग हौद, पाणी मुरणार कुठून, तो वर्षाच्या आत भरला आणि त्या एका घराची गोष्ट गावभर झाली की बघा, आम्ही सांगत नव्हतो का. एक बिघडलेला खड्डा शंभर घरांना ओढ्याला पाठवतो, खरं सांगते. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथे खड्ड्याच्या भोवतीने फूटभर वाळू-खडी भरावी लागते. तुमच्याकडे मुरूम आणि खडक, तिथे उलटा धोका, भेगांतून पाणी लांब पळतं, म्हणून विहीर-हातपंपापासून निदान दहा मीटर म्हणतात ते तुम्ही अजून वाढवा.

आणि ज्यांनी 'सेफ्टी टँक' बांधलाय ते छाती पुढे काढून सांगतील आमचं एक नंबर काम आहे. त्यांच्या टाकीचा आउटलेट कुठे जातो ते बघ. नियमाने तो शोषखड्ड्यात जायला पाहिजे, पण दहातल्या आठ ठिकाणी तो गुपचूप गटारात सोडलेला असतो. (दहातले आठ हा माझा अंदाज आहे, कोणाच्या रिपोर्टातला नाही, पण तू मोजून बघ आणि मग मला बोल.) म्हणजे माणूस संडासात बसला आणि मैला उघड्यावर गेला तो गेलाच, गटाराने तुमच्या खालच्या वस्तीला. हागणदारी फक्त पाईपने हलवली.

तर तुझं पहिलं काम ठराव नाही, खड्डा उघडणं आहे. गावात एखादं घर शोध ज्यांनी पहिला खड्डा बंद करून दोन वर्षं होऊन गेलीत. तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या गावात विचार, पंचायत समितीतल्या स्वच्छतेच्या गटसमन्वयकाला फोन कर, त्यांना माहीत असतं. आधी गुपचूप खात्री करून घे, चेंबरमध्ये त्या खड्ड्याचं तोंड खरंच बंद आहे ना, झाकण सरकवून काठी खुपसून बघ ओली निघते की कोरडी. कारण गाव जमवलं आणि आत ताजा मैला निघाला तर पुढची दहा वर्षं त्या गावात कोणी संडासाचं नाव काढू देणार नाही. कोरडं असेल तर मग बोलव सगळ्यांना. आत जे निघतं ते चहाच्या चोथ्यासारखं, काळपट, भुसभुशीत, मुठीत घेतलं तर हाताला चिकटत नाही, आणि वास म्हणशील तर पहिल्या पावसातल्या शेताचा, तोही नाकाजवळ नेलं तर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाही विश्वास बसत नव्हता आणि मी तर तोपर्यंत कितीतरी गावांत त्याच्यावर भाषणं ठोकून आले होते.

आता फावडं कोणी धरायचं, हे लक्ष देऊन वाच. गावात अशा कामाला ज्याला हाक मारायची सवय आहे त्याला अजिबात हाक मारायची नाही. त्याने उपसलं तर लोकांनी जे बघितलं ते त्यांना आधीच माहीत होतं, काही सिद्ध झालं नाही. घरमालकाने धरायचं, सरपंचाने धरायचं, मास्तरांनी, आणि तू धरायचंस. 2017 च्या फेब्रुवारीत तेलंगणात वरंगळकडच्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले होते आणि खत बाहेर काढून दाखवलं होतं, एवढा मोठा अधिकारी उतरू शकतो तर तुमच्या सरपंचांची इस्त्री मोडली तर काय बिघडणार आहे. आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं सोनखत करण्याचं काम याच कारणासाठी हातात घेतलं होतं, कोणा एका जातीच्या डोक्यावरची टोपली उतरावी म्हणून. खत निघालं की तिथेच एखाद्या लिंबाच्या नाही तर डाळिंबाच्या झाडाला घाला आणि ज्याला पाहिजे त्याला पिशवीभर द्या. पहिल्या दिवशी कोणी घेणार नाही. घेऊ दे न घेऊ दे, बघितलं तर आहे ना.

तिथे भाषण नको करूस. गाडगेबाबा बघ, गावात आले की आधी खराटा हातात आणि रात्री कीर्तनात सांगायचे कमी, विचारायचे जास्त, आणि उत्तर लोकांकडून वदवून घ्यायचे. तू पण एवढंच विचार, हे किती वर्षांत भरलं, घरात माणसं किती, हात कोणी लावला. घरमालक सांगेल ना, त्याचं ऐकतील.

आता सासरे. तू सून, तू त्यांना या विषयावर काय बोलणार आणि ते काय ऐकणार, डोक्यावरचा पदर सांभाळत चेंबर आणि तळ कच्चा वगैरे सांगत बसलीस तर दोघंही मरणाचे ओशाळाल. हे काम तुझ्या नवऱ्याचं आहे आणि त्याला तू ते सांगायचंस. आणि त्यालाही म्हण, 'आबा, तुम्ही घरात जात जा' असं नाही म्हणायचं, म्हणायचं की 'आबा, गवंड्याने चेंबर नीट केलंय का बघता का जरा, मला काही कळत नाही.' बांधकामातली चूक काढायला सांगितलं की आपल्याकडचे म्हातारे दोन तास उन्हात उभे राहतात. एकदा त्यांनी स्वतः झाकण उचललं, तोंड कुठलं बंद कुठलं उघडं ते बघितलं, की खड्डा त्यांचा झाला.

आणि अजून एक, त्यांचे गुडघे कसे आहेत? हे कोणी विचारत नाही. म्हातारा माणूस ओढ्याला जातो तेव्हा दगडाचा नाही तर बाभळीचा आधार घेऊन बसतो, चार बाय तीनच्या खोलीत धरायला काही नसतं, आत अंधार, दार आत उघडणारं, आणि कडी अशी की आत अडकलो तर ही भीती. भिंतीत एक लोखंडी दांडा बसव, बल्ब लाव, दार बाहेर उघडेल असं कर, गरज असेल तर मधे भोक असलेली खुर्ची मिळते ती आण. मोकळ्यात बरं वाटतं म्हणणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांचं मोकळ्यात नाही, गुडघ्यात काहीतरी असतं. दिराचं मात्र तसं काही नाही, तो मित्रांबरोबर गप्पा मारत जातो, तो शेवटी येईल, त्याच्या मागे आता लागू नको.

पाण्याचं तू काहीच लिहिलं नाहीस पण दुष्काळी गाव म्हटल्यावर मला तिथेच शंका आली. पुरुष ओढ्याला जातात तेव्हा एका टमरेलात काम होतं. तेच सगळे घरात जायला लागले की पाणी कोण भरणार? तूच आणि जावा. सासूबाईंच्या हिशोबात हेही धर, त्या तोंडाने खड्डा म्हणतात पण हंडे त्यांनीही वाहिलेत. म्हणून भांडं कुठलं बसवलंय ते बघ. जास्त उताराचं, खेड्यासाठी म्हणून केलेलं पॅन असेल तर दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं, शहरातलं पसरट भांडं आणून बसवलं असेल तर त्याला बादली पुरत नाही आणि त्याने खड्डाही पाण्यानेच लवकर भरतो. आंघोळीचं, धुण्याचं पाणी एका ड्रममध्ये साठवून संडासाच्या दाराशी ठेवा, ओतायला तेच वापरा, धुवायला फक्त चांगलं. आणि तो ड्रम भरायची पाळी पुरुषांवर टाका, हसू नको, मी गंभीरपणे सांगतेय.

गॅस्ट्रोचं वेगळं बघावं लागेल, त्याला संडास एकटा जबाबदार नसतो. खालची वस्ती म्हणजे लाईनचं शेवटचं टोक असणार. तुमच्याकडे नळ दिवसाआड नाही तर चार दिवसांनी येत असेल, मधल्या काळात पाईप रिकामा असतो, आणि रिकामा पाईप जिथे फुटलाय तिथून बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. जर तो गटारातून गेला असेल किंवा वॉल्व्हचा खड्डा सांडपाण्याने भरलेला असेल तर झालंच, पाणी सुटलं की ते पहिलं घाण पाणी थेट खालच्या वस्तीच्या हंड्यात. तेव्हा एक दिवस पाणी सोडायच्या वेळेला जलसुरक्षकाबरोबर (गावच्या पाण्याची तपासणी बघणारा माणूस) लाईनवरून चालत जा, टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत, आणि जिथे पाईप आणि गटार एकत्र येतात तिथे मोबाईलवर फोटो काढ. मग त्याला शेवटच्या नळाशी ओटी टेस्ट करायला सांग, नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळं होतं. टाकीजवळ पिवळं झालं म्हणून खूश होऊ नका, शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलं पाहिजे. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी कुठे ठेवलीय तेही बघ. माझ्या अनुभवात ती ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, तोंड उघडं, ओल आलेली, अशीच सापडते. नवीन पावडरीत 33 टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतं, उघडी राहिली की ते उडून जातं आणि 20 टक्क्यांच्या खाली गेली की नुसता चुना, कितीही टाका. पावडर टाकून अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं, हे तर कोणी पाळतच नाही. गावाला पाण्याचं कार्ड कुठल्या रंगाचं मिळालंय विचार, लाल, पिवळं की हिरवं, वर्षातून दोनदा पाहणी होते, ते कार्ड ऑफिसात लावलेलं पाहिजे.

लेकरांचं एक राहिलं. लहान बाळाची शी घाण नसते असं आपल्याकडे समजतात आणि ती अंगणाच्या कडेला नाही तर उकिरड्यावर टाकतात. ती मोठ्यांच्या इतकीच, कधी जास्तच धोक्याची. ती संडासात टाकायची आणि नंतर हात साबणाने धुवायचे, राखेने नाही, मातीने तर नाहीच. बचत गटात हा एक विषय घेतलास तरी खूप झालं. आणि पावसाळ्याआधी आशाताईकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घरोघरी पोचल्यात का बघ, जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस द्यायचं असतं, बायका तिसऱ्या दिवशी बंद करतात. जुलाबात अंगावरचं दूध बंद करायचं नाही हे पण सांगत राहा.

सांडपाण्याला नांदेडकडच्या लोकांनी छान वाट काढली होती, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत घरोघरी शोषखड्डे केले, खड्ड्यात भोकं पाडलेली टाकी आणि भोवती दगड, गटारच नको, डास पण कमी झाले, रोजगार हमीतून त्याला पैसे मिळतात. फक्त एवढं लक्षात ठेव की डेंग्यूचा डास गटारात नाही, तुमच्या झाकण नसलेल्या स्वच्छ पाण्याच्या रांजणात वाढतो, त्याला आठवड्यातून एकदा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची, दुसरा उपाय नाही.

पैशाचं म्हणशील तर ग्रामसेवक 'निधी नाही' म्हणणारच, ते त्यांचं पाठ वाक्य. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येतो, पंधराव्या आयोगात त्यातला 60 टक्के बंधित होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. तो कुठे खर्च पडला ते तू सदस्य म्हणून मासिक सभेत विचारू शकतेस, खर्चाचं रजिस्टर मागू शकतेस, आणि पुढच्या आराखड्यात चेंबर दुरुस्ती, एका खड्ड्याचे दोन करणं, गटारात सोडलेले आउटलेट शोषखड्ड्याला जोडणं हे घालून घेऊ शकतेस. संडासाचे 12,000 रुपये एका घराला एकदाच मिळतात, दुरुस्तीला परत मिळत नाहीत, त्यामुळे त्याच्या आशेवर कोणाला ठेवू नको. पण ज्यांचं नावच यादीत नव्हतं, नवीन वेगळी झालेली घरं, त्यांचे अर्ज भरून घे.

आणि मासिक सभेत एकटीने विषय काढून तू हसं करून घेतलंस, त्यापेक्षा ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते कायद्याने, बहुतेक गावांत ती नुसती सह्यांवर होते, ती तू खरीखुरी घे. त्याच्या आधी बचत गटातल्या चार बायकांनी आपापली आळी बघून या. कोणाकडे संडास आहे हे मोजू नका, ते वेशीवरच्या बोर्डवर आहेच. कोण वापरतं ते मोजा. पॅन कोरडं आहे का, कोपऱ्यात जळमट आहे का, आत शेण्या-सरपण आहे का, दाराशी पाण्याचं भांडं आणि चप्पल आहे का, एका नजरेत कळतं, विचारावंही लागत नाही. त्याच फेरीत चेंबरची झाकणं उचला. कोणाचं नाव लिहू नका, फक्त आळीप्रमाणे आकडे, आणि कारण, खड्डा भरलाय, तोंड उघडंय, दार नाही, पाणी नाही. तो कागद महिला सभेत वाचून तिथला ठराव ग्रामसभेत न्या, मग मागून बोलणाऱ्याला एका सुनेवर हसता येणार नाही, साठ बायका बसलेल्या असतील आणि त्यात त्याची आई पण असेल.

पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टची असेल तर खड्डा उघडायचं काम मे महिन्यातच उरकून घे, पावसात झाकणं काढायची नाहीत.

तुझी मावशी

ता.क. मी फावडं धर म्हटलं ते फक्त दोन वर्षं बंद ठेवलेल्या, कोरड्या शोषखड्ड्यासाठी, आणि त्याचंही झाकण काढून थोडा वेळ हवा लागू द्यायची. सेफ्टी टँकमध्ये कोणीही, कितीही पैसे दिले तरी उतरायचं नाही आणि उतरवायचं नाही, आतला गॅस क्षणात माणूस आडवा करतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. त्याला मैला उपसायची गाडी तालुक्याहून बोलवायची, आणि गाडीवाल्याला आधी विचारायचं की हे तू नेऊन कुठे ओतणार आहेस, कारण बरेच जण पुढच्या ओढ्यातच ओततात. पॅड पण पॅनमध्ये टाकू नका, पाईपात अडकतात आणि खड्ड्यात कुजत नाहीत, शाळेतल्या मुलींना हे नक्की सांग.